कांदाचाळीचे सामान : गाळ्यागणिक एक पिशवी

रब्बीचा कांदा एप्रिल-मे महिन्यांत चाळीत भरावयाचा असतो आणि वळवाचा पाऊसही त्याच दिवसांत येतो. गेल्या वैशाखात एका गावी कैच्या उभ्या होत्या, पत्रे आले होते, मिस्त्रीही शिडीवर चढले होते. परंतु डांबरी वायसर मिळेनात, म्हणून काम थांबले. दुसऱ्या दिवशी वळीव आला आणि उघड्या गाळ्यांखालील कांदा भिजला. वायसर पोत्याच्या तळाशी होते, ते मागाहून सापडले!

सर्व नट-बोल्ट एकाच पोत्यात ओतण्याच्या सवयीचा हा परिणाम होय. त्यावर उपाय सोपा व बिनखर्चाचा आहे.

प्रथम एका गाळ्याचा हिशेब करावा. समजा, एका पाख्यावर चार पत्रे व तीन आडवे पाइप आहेत आणि प्रत्येक पत्र्यास दर पाइपावर दोन जे-बोल्ट लावावयाचे आहेत; तर एका पाख्यास २४ आणि दोन्ही पाख्यांस मिळून ४८ जे-बोल्ट लागतील. तितकेच नट, तितकेच लोखंडी वायसर व तितकेच डांबरी वायसर हवेत. पडझडीसाठी प्रत्येकी तीन-चार नग अधिक घ्यावेत.

नंतर जमिनीवर बसून प्रत्येक जे-बोल्टवर दोन्ही वायसर व नट हाताने चढवून पाहावेत. आटे बिघडलेला नग येथेच ध्यानात येतो. असे जोड गाळ्यागणिक पिशवीत भरून पिशवीवर रंगाने गाळ्याचा क्रमांक घालावा. कैच्यांचे मोठे बोल्ट प्रथम लागतात, म्हणून त्यांच्या पिशव्या वेगळ्या व हाताशी ठेवाव्यात. सर्व पिशव्या कोरड्या जागी फळीवर ठेवाव्यात. ओलीने जस्ताचा मुलामा खराब होतो.

पत्रा बसविताना छिद्र पन्हळीच्या उंचवट्यावरच पाडावे, खोलगट भागात पाडल्यास तेथून पाणी गळते. डांबरी वायसर पत्र्याला लागून, त्यावर लोखंडी वायसर व शेवटी नट, हा क्रम चुकवू नये. नट फाजील आवळल्यास पत्रा दबतो, सैल ठेवल्यास वारा पत्रा उचलतो.

गाळा पुरा झाल्यावर पिशवीत जादा नगांखेरीज काही उरले, तर बोल्ट लावावयाचा राहिला असे समजून शिडी हलविण्यापूर्वीच तपासावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी चाळीचे काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी ही मोजणी शेतकरी बंधूंकडून समक्ष करून घ्यावी. एका संध्याकाळच्या या कामाने वर्षाचे पीक सुरक्षित राहील.