विश्रांतीच्या दिवशीं आकाशांतून उडी

लांबच्या प्रवासांत विश्रांतीचा दिवस म्हणजे हातपाय ताणून पडून राहण्याचा दिवस, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तेव्हां पाय गमावलेल्या माणसांचें एखादें पथक सायकलीवरून देश ओलांडीत असतां, मध्येंच मिळालेल्या सुटीच्या दिवशीं त्यांतील कोणीं विमानांतून उडी टाकण्याचा बेत केला, तर घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून पहिला उद्गार निघेल तो असा: "अरे, आधींच एक पाय नाहीं, आणि आजचा दिवस तर विसाव्याचा!" उद्गार मायेचा आहे खरा, पण विसावा नेमका कोणाला हवा असतो, हें पाहिल्यावांचून त्यांतील खरेंखोटें ठरवितां येत नाहीं.

असे प्रवास आतां केवळ कल्पनेंतले राहिलेले नाहींत. २०२० सालच्या अखेरीस अपंग सायकलस्वारांचें एक पथक काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत गेलें. सीमा सुरक्षा दल आणि हैदराबादचे आदित्य मेहता यांची संस्था यांनीं तो प्रवास आंखला होता. मेहता यांना स्वतःलाहि एक पाय नाहीं. अशा स्वाराचा धडका पाय दुप्पट श्रम करतो, म्हणून विसावा त्यालाच हवा, असें पाहणाऱ्यास वाटतें. पण स्नायूंचा शीण एका रात्रींत पुष्कळसा उतरतो. खरी नाजूक बाब असते ती तुटलेल्या पायाचा खुंट.

तळपायाचें कातडें निसर्गानें भार सोसण्यासाठींच घडविलेलें असतें. खुंटाचें कातडें तसें नसतें. तें पोटरीचें किंवा मांडीचें, आणि त्याच्यावर अकस्मात् तळव्याचें काम येऊन पडलेलें. कृत्रिम पायाच्या वरच्या टोंकाला एक खोल वाटी असते. खुंटावर सिलिकोनचा मोजा चढवून तो त्या वाटींत बसवितात. मिनिटाला ७० वेळां पायडल फिरलें, तर तासाला ४,२०० वेळां खुंट वाटीशीं घासतो. पांच तासांचे हे घर्षण एकवीस हजारांवर जातें. घाम मोज्याखालीं कोंडून राहतो. शिवाय खुंटाचा आकार दिवसभर सारखा राहत नाहीं. दुपारपर्यंत तो आंकसतो, वाटी सैल होते, आणि मग रस्त्याच्या कडेला बसून आणखी एक मोजा चढवावा लागतो. कृत्रिम पावलाला पायडलाचा स्पर्श कळत नाहीं, तें घसरलें तरी डोळ्यांनीं पाहावें तेव्हां समजतें. मांडीपासून पाय गेलेले कित्येक जण तर कृत्रिम पाय काढूनच ठेवतात व एकाच पायानें सायकल हांकतात.

जोडा चावला तर साधा माणूस दोन दिवस कुरकुरतो. खुंटाला फोड आला तर मात्र तो भरेपर्यंत पाय लावतांच येत नाहीं. म्हणून विश्रांतीच्या दिवशीं पाय काढून ठेवावयाचा, खुंट साबणानें धुऊन कोरडा करावयाचा, जो भाग दिसत नाहीं तो आरशांत पाहावयाचा. तो तसाच मोकळाहि ठेवून चालत नाहीं. सुजला तर सकाळीं वाटींत शिरणार नाहीं, म्हणून त्यावर घट्ट लवचिक मोजा चढवून ठेवतात.

आतां उडीकडे वळूं. नवख्या माणसाला शिक्षकाच्या छातीशीं पट्ट्यांनीं जखडून दहा हजार फुटांवरून किंवा त्याहूनहि उंचावरून खालीं आणतात. दहाबारा सेकंदांत वेग तासाला १९० किलोमीटरच्या आसपास पोंचतो. दोन माणसांच्या वजनानें तो याहून फार वाढूं नये, म्हणून मागें एक लहान छत्री सोडलेली असते. सुमारें पांच हजार फुटांवर मोठी हवाई छत्री उघडते, आणि मग पांचसात मिनिटें तरंगत उतरावयाचें. या साऱ्या वेळांत खुंटावर मासाभरहि भार पडत नाहीं. खुंटापुरतें पाहिलें, तर बाजारांत फेरफटका मारण्यापेक्षां आकाशांतच त्याला अधिक विसावा मिळतो!

काळजीच्या जागा निराळ्या आहेत. पट्टे मांडीभोंवतीं आवळलेले असतात. खुंट फारच आंखूड असेल, तर पट्टा त्यावरून निसटूं शकतो. अशा माणसासाठीं बांधणी वेगळी करावी लागते, व तशी सोय नसेल तर शिक्षकानें नकार द्यावा हेंच योग्य. दुसरी काळजी कृत्रिम पायाची. तो लावून उडी टाकावी कीं काढून?

हा प्रश्न जुना आहे. इंग्रज वैमानिक डग्लस बेडर यांनीं १९३१ च्या डिसेंबरांत विमानाच्या अपघातांत दोन्ही पाय गमावले. तरीहि दुसऱ्या महायुद्धांत ते धातूचे पाय लावून लढाऊ विमान चालवीत. ९ ऑगस्ट १९४१ रोजीं फ्रान्सवर त्यांचें विमान निकामी झालें. बाहेर पडतांना उजवा पाय आंत अडकून बसला. अखेर पायाचा पट्टा तुटला, पाय विमानाबरोबर गेला, आणि बेडर छत्रीनें उतरून जर्मनांच्या हातीं सांपडले. हाडामांसाचा पाय इतक्या सहजासहजीं सुटला नसता! दहा दिवसांनीं इंग्रज विमानांनीं त्यांच्यासाठीं नवा पाय फ्रान्समध्यें छत्रीनेंच खालीं टाकला.

हौसेच्या उडींत मात्र पाय सुटून गेला तर तो खालीं कोणाच्या डोक्यावर पडेल याचा नेम नाहीं, आणि सायकलीचा प्रवासहि तेथेंच संपावयाचा. म्हणून तो पट्ट्यांनीं जखडतात, नाहीं तर जमिनीवरच ठेवतात.

एकट्यानें उडी टाकणाऱ्याची अडचण आणखी निराळी. हवेंत पडतांना पाय सुकाणूचें काम करतात. एक पाय नसला किंवा हलका असला कीं अंग एका बाजूला गरगरूं लागतें, आणि तें हातांनीं व कमरेनें सांवरावें लागतें. १९९९ च्या कारगिल संघर्षाच्या काळांत जखमी होऊन उजवा पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंग यांनीं ही विद्या शिकून मार्च २०१९ मध्यें नाशिक येथें उडी घेतली.

राहतां राहिलें उतरणें. आणि नीट सांभाळण्याची घटका हीच. शिक्षकासह उतरतांना पाय पुढें उचलून धरावयाचे व बसल्या बसल्या गवतावर घसरत यावयाचें. ज्याला पाय उचलवत नाहींत, त्याच्या मांड्यांखालीं पट्टा घालून त्याचीं टोंकें हातांत देतात. उघडा खुंट जमिनीला घासूं नये म्हणून त्यावर जाड गादीचें वेष्टण बांधतात. वारा जोराचा असेल तर उडी रद्द करतात, कितीहि हिरमोड झाला तरी. कारण खुंटाचें टोंक एवढेंसें जरी खरचटलें, तरी दुसऱ्या दिवशीं पहांटे पथक सायकलीवरून पुढें निघतें, आणि आकाशांतून उतरलेला तो गडी सामानाच्या मोटारींत बसून मागोमाग जातो.