नव्या सायकलीची सैल तार

गिअरची नवी सायकल दुकानातून येते तेव्हा खटक्यासरशी गिअर बदलते. तीन-चार आठवड्यांत मात्र ती कुरकुरू लागते. खटका दाबला तरी साखळी मोठ्या चक्रावर चढत नाही. लोक म्हणतात, 'माल खोटा निघाला.' बहुधा तसे नसते. तारेचे आवरण वापराने आपल्या जागी दबून बसते, त्यामुळे आतली तार किंचित सैल पडते. एकेका खटक्याला तार सरकते ती जेमतेम दोन ते चार मिलिमीटर. तिथे अर्ध्या मिलिमीटरची ढिलाईही भोवते.

उपाय बोटांनी करण्यासारखा आहे. तार मागच्या चाकापाशी गिअरच्या यंत्रात शिरते, तिथे खाचांची एक फिरकी असते. सायकलीच्या मागे बसून ती घड्याळाच्या उलट पाव फेरा फिरवावी. मग मागचे चाक उचलून धरायला कुणाला सांगावे, हाताने पायडल फिरवून गिअर बदलून पाहावा. लागल्यास आणखी पाव फेरा. आता साखळी लहान चक्रावर उतरेनाशी झाली, तर ताण जास्त झाला. थोडे मागे यावे.

शेजारीच दोन बारीक स्क्रू दिसतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये! साखळीने कुठवर जायचे, ती हद्द ते राखतात. माझ्या भाच्याने नेमके तेच पिळले. चढावर साखळी सर्वांत मोठे चक्र ओलांडून आऱ्यांत अडकली, चाक जागीच थांबले, आणि स्वारी गुडघा फोडून घरी आली.

चढासाठी गिअर हलका करायचा तो चढ लागण्यापूर्वीच. पायडल फिरते ठेवून, पण जोर न देता. उभ्या चढावर सारा भार देऊन खटका दाबला, तर नीट लावलेल्या तारेचीही साखळी करकरतेच.