कोरी वसाहत की नांदती वसाहत?

1 जानेवारी 1960 रोजी अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यात, फीनिक्सच्या वायव्येला असलेल्या कापसाच्या जुन्या शेतांच्या दिशेने मोटारींची लांबच लांब रांग लागली. डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने निवृत्तांसाठी उभारलेल्या ‘सन सिटी’चा तो पहिला दिवस होता. कंपनीला दहा हजार माणसे अपेक्षित होती; तीन दिवसांत लाखभर आली. पाच नमुना घरे मांडली होती, किमती दहा हजार डॉलरच्या आगेमागे. त्या तीन दिवसांतच दोनशेहून अधिक घरे विकली गेली आणि ऑगस्ट 1962मध्ये वेब ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले.

गर्दीचा किस्सा सगळे सांगतात. त्यामागची व्यावसायिक शहाणीव मात्र सहसा कुणी सांगत नाही. वेबने गोल्फचे मैदान, करमणूक केंद्र, पोहण्याचा तलाव आणि दुकाने आधी बांधली आणि मगच घरे विकायला काढली. शेजारच्या यंगटाउनमध्ये बेन श्लायफर यांनी 1954 सालीच ज्येष्ठांसाठी वसाहत वसवली होती. घरे होती, शांतता होती. पण सकाळी उठून करायचे काय, याचे उत्तर तिथे तोकडे होते. वेबच्या ग्राहकाला ते उत्तर डोळ्यांनी पाहता आले. घर नवे होते, पण विश्वास चित्रावर ठेवायचा नव्हता.

आज त्याच ग्रँड अॅव्हेन्यूने वायव्येकडे निघाले, तर निवृत्तांच्या वसाहतींची पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ रस्त्यालगतच पाहायला मिळते. आधी यंगटाउन आणि सन सिटी; आग्वा फ्रिया नदीपलीकडे 1978 साली सुरू झालेली सन सिटी वेस्ट; पुढे सरप्राइझ नावाच्या गावात 1990च्या दशकातली सन सिटी ग्रँड. 2000नंतरची भरती त्याहून दूर, बकाय गावाकडे सरकली. फीनिक्सला निवृत्त होणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हाच: जुन्यात जायचे की नव्यात?

हा प्रश्न आता मराठी घरांतही आला आहे. 1965च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेची दारे उघडल्यावर गेलेले आपले डॉक्टर, इंजिनिअर आज सत्तरी-ऐंशीत आहेत. 1981 साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाला ज्येष्ठांसाठी ‘उत्तररंग’ हा उपक्रम चालवावा लागतो, यातच काय ते आले. न्यू जर्सीतल्या एडिसनपासून फार दूर नसलेल्या मन्रो गावात 1960च्या दशकातली रॉसमूर वसाहत आहे आणि या शतकात बांधलेली रीजन्सीही आहे. फ्लोरिडातल्या टॅव्हेरिसमध्ये इगी इग्नेशियस यांनी भारतीयांसाठी ‘शांतिनिकेतन’ उभारले. मुले म्हणतात, नवे घ्या, कटकट नको. मित्र म्हणतात, जुन्यात या, आम्ही आहोत. दोघांचेही मन चांगले असते. पण कागद दोघांनीही वाचलेले नसतात.

या वसाहतींना वयाची अट घालता येते ती 1988 आणि 1995च्या केंद्रीय कायद्यांमुळे. राहत्या घरांपैकी किमान 80 टक्के घरांत पंचावन्न पूर्ण केलेली निदान एक व्यक्ती हवी. उरलेल्या 20 टक्क्यांचे काय करायचे, लहान मुले किती दिवस राहू शकतील, हे वसाहत स्वतः ठरवते. पुण्याहून महिनाभर आलेल्या सत्तरीच्या बहिणीला सहसा अडचण येत नाही. नातवंडांना मात्र वर्षातले मोजकेच दिवस मिळतात. संसार मोडून मुलाबाळांसह माहेरी परतलेल्या मुलीला त्या घरात ठेवता येत नाही, असेही होऊ शकते. आपल्या कुटुंबांनी हे कलम सही करण्याआधी वाचायलाच हवे. ल्यूइस ममफर्ड यांनी 1956 सालीच म्हातारपणाला असे कुंपण घालायला विरोध केला होता, आणि मला त्यांचे म्हणणे आजही पटते. पण माणसे कुंपणाच्या आत आनंदाने जातात, हेही तितकेच खरे.

नव्या वसाहतीचे एक सुख पैशात मोजता येत नाही. तिथे सगळेच नवखे असतात. पहिल्या वर्षी जो तो शेजारी शोधत असतो. पत्त्यांचा डाव, भजनाचा गट, सकाळचे फिरणे, सगळे एकाच वेळी जुळते. घरात पायऱ्या नसतात, दारे रुंद असतात, छप्पर आणि एअर कंडिशनर वॉरंटीत असतात. हे खोटे सुख नाही.

पण मालकी आणि कारभार या दोन गोष्टी तिथे वेगवेगळ्या हातांत असतात. घर तुमचे; पण मेंटेनन्स किती, क्लबहाउस केव्हा, माळीकामाचे कंत्राट कुणाला, हे ठरवणाऱ्या मंडळावर बहुमत बिल्डरचे. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार 90 टक्के घरे विकून तीन महिने झाले, की रहिवाशांना बहुमत मिळते. मोठ्या वसाहतीत याला दहा-पंधरा वर्षेही लागू शकतात. अभिहस्तांतरण रखडल्यामुळे मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद ज्या महाराष्ट्रात करावी लागली, तिथल्या वाचकाला यातला धोका समजावून सांगायची गरज नाही. विक्री चालू असताना बिल्डरला मासिक वर्गणी कमी दाखवण्यात रस असतो. घरे संपतात, कारभार रहिवाशांकडे येतो, आणि खरा खर्च तेव्हा उघडा पडतो.

आणि बिल्डरच बुडाला तर? नोव्हेंबर 2007मध्ये ‘लेव्हिट अँड सन्स’ने दिवाळखोरी जाहीर केली. दुसऱ्या महायुद्धानंतर लेव्हिटटाउन वसवून अमेरिकेला उपनगर शिकवणारी हीच कंपनी. फ्लोरिडा आणि आसपासच्या राज्यांत ती निवृत्तांसाठी वसाहती बांधत होती, आणि त्यातल्या कित्येक अर्ध्यावर राहिल्या. ग्रोव्हलँडची वसाहत पुढे ‘शे होम्स’ने घेतली आणि वेगळ्या नावाने वाढवली. पण मधल्या काळात तिथे राहायला आलेल्यांनी काय भोगले असेल? तिशीतला माणूस पाच वर्षे थांबू शकतो. बहात्तराव्या वर्षी वाट पाहण्याची किंमत वेगळी असते.

फ्लोरिडात नव्या घराला आणखी एक ओझे असते. ‘द व्हिलेजेस’ ही तिथली प्रचंड वसाहत. 2010 ते 2020 या दशकात अमेरिकेतले सर्वात वेगाने वाढलेले महानगर क्षेत्र तेच. तिथे रस्ते, गटारे, पाणी यांचा खर्च विशेष विकास जिल्ह्याच्या रोख्यांतून होतो आणि त्याची फेड घरमालकाच्या माथी वर्षानुवर्षे बसते. घराची किंमत वेगळी, रोख्याची बाकी वेगळी. जुन्या भागातल्या रिसेल घरावर ही बाकी बहुतेक वेळा कमी झालेली किंवा फिटलेली असते. दोन घरांची तुलना करताना हा आकडा धरला नाही, तर तुलनाच चुकते.

आता जुन्याकडे. जुन्याचा मोठा गुण म्हणजे तिथे सगळे तपासता येते. झाडे वाढलेली आहेत, इस्पितळ किती मिनिटांवर आहे ते माहीत आहे, मेंटेनन्स गेल्या दहा वर्षांत कसा वाढला ते कागदावर आहे. सन सिटी आजही कुठल्या नगरपालिकेत नाही. तिथली करमणूक केंद्रे रहिवाशांची संस्था चालवते, रस्त्याकडेचा कचरा ‘प्राइड्स’ नावाचे स्वयंसेवक उचलतात, गस्तीला ‘पॉसी’चे स्वयंसेवक असतात. डेल वेब 1974 साली वारले, त्यांची कंपनी 2001 साली ‘पुल्टे’ने विकत घेतली, सन सिटी मात्र चालूच राहिली. बिल्डर गेल्यावरही वसाहत उभी राहते का, या प्रश्नाचे उत्तर नव्या वसाहतीकडे असूच शकत नाही.

जुन्याचा दोष राखीव निधीत दडलेला असतो. आपल्या सोसायट्यांत ज्याला सिंकिंग फंड म्हणतात, तोच हा. छपरे, लिफ्ट, तलाव, रस्ते कधी तरी बदलावे लागणारच. त्यासाठी दरवर्षी पैसे बाजूला काढायचे की वर्गणी कमी ठेवून पुढच्यांवर ढकलायचे? ऐंशीच्या वयातल्या सभासदांना ढकलणे सोपे वाटते, आणि त्यांना दोषही देववत नाही. पण 24 जून 2021च्या पहाटे मायामीजवळ सर्फसाइड इथली बारा मजली इमारत कोसळली आणि 98 माणसे गेली. ती निवृत्तांची वसाहत नव्हती. तिथे टाळलेल्या दुरुस्त्यांचा प्रश्न मात्र तोच होता. 2022 साली फ्लोरिडाने तीन मजले व त्यावरील जुन्या कॉन्डो इमारतींची तपासणी सक्तीची केली आणि इमारतीच्या सांगाड्यासाठीचा निधी मतदानाने माफ करण्याची वाट बंद केली. त्यानंतर अनेक निवृत्तांच्या हाती मोठ्या जादा वर्गणीची पत्रे पडली. जानेवारी 2024मध्ये न्यू जर्सीनेही निधीच्या अभ्यासाची सक्ती करणारा कायदा केला. सन सिटीने वेगळी वाट काढली: घर घेणाऱ्या नव्या माणसाकडून एकरकमी शुल्क घ्यायचे आणि ते जुन्या केंद्रांच्या दुरुस्तीला वापरायचे. नव्या माणसाला ते खुपते, पण वसाहत त्यामुळे टिकते.

अॅरिझोनात नव्याबद्दल आणखी एक विचार करावा लागतो, तो पाण्याचा. 1980च्या भूजल कायद्याप्रमाणे फीनिक्ससारख्या भागांत नव्या वसाहतीला शंभर वर्षांच्या पाण्याची हमी दाखवावी लागते. जून 2023मध्ये राज्याने फीनिक्स परिसरात केवळ भूजलावर अवलंबून असलेल्या नव्या प्रकल्पांना अशी मंजुरी देणे थांबवले. आधी मंजूर झालेल्यांना धक्का लागला नाही. पण शहराच्या कडेला अजून दहा वर्षे वाढणार असलेल्या वसाहतीत घर घेताना तिचे पाणी कुठून येते, हे विचारणे भाग आहे.

माझे मत स्पष्ट आहे. सत्तरी गाठलेल्या माणसाने विक्री पूर्ण झालेली, कारभार रहिवाशांच्या हाती येऊन काही वर्षे झालेली आणि राखीव निधी पुरेसा असलेली वसाहत निवडावी, मग तिचे क्लबहाउस थोडे जुनाट का असेना. पंचावन्न-साठीतल्या, प्रकृतीने धडधाकट जोडप्याने नव्याचा विचार जरूर करावा; अट एकच, क्लबहाउस आणि तलाव आज उभे असले पाहिजेत. 1960 साली वेबच्या ग्राहकांना जे मिळाले, त्याहून कमी आपण का घ्यावे?

मन्रोला किंवा फ्लोरिडाला घर पाहायला जाणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती आहे. विक्री कार्यालयातली कॉफी पिऊन झाली, की राखीव निधीचा ताजा अभ्यास, गेल्या तीन वर्षांचे अंदाजपत्रक, मंडळाच्या सभांची इतिवृत्ते आणि पाहुण्यांविषयीचे नियम लेखी मागा. ते वकिलाकडून वाचून घ्या. कागद द्यायला टाळाटाळ झाली, तर त्या वसाहतीत घर घेऊ नका.