वहीतली सीता

भिलाईच्या पोलाद कारखान्याला पाणी पुरवणाऱ्या तलावाशेजारी मरोदा आहे. कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि नोकरीच्या निमित्ताने देशभरातून जी कुटुंबे या परिसरात आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. क्वार्टरात जाते आणण्याचे कारण नव्हते; पीठ गिरणीतून दळून येई. जात्यावरच्या ओव्या मात्र आल्या, काही कंठात, काही वहीत.

माझ्या आईची अशी एक वही होती. एका बाजूने दुधाचा हिशेब, उलटून धरली की ओव्या. त्यांतील पुष्कळशा सीतेच्या. वाचकहो, या ओव्यांतून काय घडते, याचा आपण कधी विचार केला आहे काय? कथा वाल्मीकींची, पण दळणारी स्त्री तिच्यात शिरून आपले म्हणणे मांडते. वनात बाळंत झालेल्या सीतेपाशी माहेरचे कोण होते? पाळणा कशाचा केला? रामाला जाब कोण विचारणार? आईच्या वहीत तर सीतेला न्यायला चक्क भाऊ येत असे आणि त्याला आमच्या मामाचे नाव होते!

पूर्वसूरींच्या कथेत आपले घर बांधण्याची ही रीत पंडितांनाही परकी नव्हती. बारामतीच्या मोरोपंतांच्या नावावर १०८ रामायणे सांगितली जातात. फरक इतकाच, की पंतांच्या पोथ्या जतन करणारे भेटले. वहीला कोण भेटणार? वडील निवृत्त झाले, क्वार्टर सोडावे लागले आणि सामानाच्या आवराआवरीत ती वही रद्दीत गेली. दोष कोणाला द्यावा? वरच्या पानावर दुधाचाच हिशेब होता.

अशा वेळी सामायिक संग्रहाचे मोल कळते. साने गुरुजींनी आणि सरोजिनी बाबरांनी ओव्या जमवल्या, हे आपण जाणताच. पुढे १९८०च्या दशकात हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी पुण्याहून हे काम हाती घेतले. हजारांहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. बर्नार बेल यांनी त्या संगणकावर लावल्या आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव दिलेले असते. एकटी वही वाचताना आईची सीता विक्षिप्त वाटे; शेकडो सीता शेजारी बसल्या, म्हणजे तीही एका मोठ्या गोतावळ्यातली आहे हे उमगते.

साता समुद्रांपलीकडेही हाच अनुभव आहे. आवडत्या पात्रांवर वाचकांनीच रचलेल्या कथा तेथे पूर्वी ज्याच्या त्याच्या खासगी पानांवर विखुरलेल्या असत; पान बंद झाले की कथा गेली. म्हणून अशा लेखक-वाचकांनी २००७ साली संस्था काढली आणि २००९ साली ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे सामायिक भांडार उघडले. तेथे एक मोठी सोय आहे. लेखकाला निघून जायचे असेल, तर तो आपले नाव काढून घेऊन कथा मागे ठेवू शकतो. अशा कथेला ते ‘अनाथ’ म्हणतात. पण ती जिवंत राहते.

तरीही वहीची बाजू मला सोडवत नाही. संग्रहात विषयवार वर्गवारी आलीच. दुधाचा हिशेब तेथे मावत नाही. सासूवरची ओवी आई वहीत लिही, पण चारचौघींत म्हणत नसे. तिने कुठे खोडले, कोणता शब्द तीनदा बदलला, हे फक्त त्या पानांना ठाऊक होते. म्हणून वही घरीच असावी. तिची एक प्रत मात्र संग्रहाकडे जावी. दोन्हींत निवड करण्याची पाळी येते, ती आपण वेळेवर प्रत न केल्यामुळे.

परवा आईला त्या संग्रहातील सीतेच्या ओव्या ऐकवल्या. डोळे मिटून ती ऐकत राहिली, मध्येच एक-दोन चाली तिने दुरुस्त केल्या. एका ओवीत कोण्या बाईने आपल्या भावाचे नाव गुंफले होते. आईने हात वर करून थांबवले.

“तो तिचा भाऊ,” ती म्हणाली. “वही आण. माझा सांगते, लिहून घे.”

दुपारपर्यंत सतरा ओव्या झाल्या.