मॉरोविंड पहिल्यांदा खेळताय? मग हे वाचाच

बेथेस्डाचा ‘द एल्डर स्क्रोल्स ३: मॉरोविंड’ आला २००२ मध्ये. आजही खेळण्यासारखा आहे, फक्त आजच्या सवयी बाजूला ठेवा.

👉 नकाशावर बाण दिसत नाही. कुठे जायचं ते लोक तोंडी सांगतात: नदी धरून उत्तरेला जा, पूल ओलांडला की डावीकडे वळा. ते सगळं तुमच्या जर्नलमध्ये नोंदलं जातं. नीट वाचा, नाहीतर भटकाल.

👉 तलवार समोरच्याला लागलेली दिसते, तरी वार फुकट जातो. कारण आत फासे पडत असतात. हातातल्या शस्त्राचं कौशल्य कमी असेल किंवा हिरवी पट्टी, म्हणजे दमसास संपला असेल, तर नेम चुकणारच. पळत पळत लढायला जाऊ नका. आधी थांबा, दम घ्या.

👉 सेडा नीन या पहिल्याच गावाबाहेर एक जादूगार किंचाळत आभाळातून पडतो आणि जागीच मरतो. त्याच्याजवळ तीन मंत्रपट सापडतात. एक वाचून उडी मारली की तुम्ही थेट ढगात! पण परिणाम टिकतो जेमतेम सात सेकंद. जमिनीवर टेकायच्या आत दुसरा वाचला नाहीत, तर तुमचीही तीच गत.

👉 मूळ गेम विकत घेतला असेल तर ओपनएमडब्ल्यू हे मोफत, मुक्त-स्रोत इंजिन वापरा. नव्या विंडोजवर, लिनक्सवरही छान चालतं.

सुरुवातीचे काही तास चिडचिड होईल. तेवढी सोसा!