गोष्टीत दुष्ट माणूस लागतोच का?



या अंकासाठी मी एक गोष्ट लिहिली होती. ती वाचून बाई म्हणाल्या, "छान आहे, पण यातली आई खरी वाटत नाही." मला रागच आला. कारण ती आई माझीच होती!

मग बाईंनी मला साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मधला श्यामच्या पोहण्याचा प्रसंग वाचायला दिला. हे पुस्तक गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि ते १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्या एका प्रसंगातून मला गोष्टीची चार अंगे समजली.

१) पात्रे : म्हणजे गोष्टीतली माणसे. नुसतं नाव सांगून माणूस कळत नाही. त्याला काय हवं आहे आणि तो काय करतो, यावरून तो कळतो. श्याम पाण्याला भितो, म्हणून लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि विहिरीवर पाठवते.

२) स्थळ-काळ : हे कोकणातलं गाव आहे. तिथली मुलं विहिरीत पोहायला शिकतात. म्हणून न पोहणारा श्याम भित्रा ठरतो. विहीरच नसती तर गोष्ट घडलीच नसती.

३) संघर्ष : मला वाटायचं, संघर्ष म्हणजे मारामारी. त्याला चोर नाहीतर राक्षस पाहिजे. इथे तर कोणीच दुष्ट नाही. श्यामला पाण्यापासून लांब राहायचं आहे आणि आईला तो धीट व्हायला हवा आहे. मारते आईच आणि नंतर डोळे भरतात तेही तिचेच. तिने मारलेलं मला आवडलं नाही, पण ती दुष्ट नाही हे पटलं.

४) मध्यवर्ती कल्पना : तात्पर्य शेवटी एका ओळीत सांगतात. ही मात्र गोष्टभर मुरलेली असते, लोणच्यातल्या मिठासारखी. इथे ती अशी, की माया कधी कधी कठोरही होते.

आता माझी गोष्ट. पाठांतर स्पर्धेच्या दिवशीच आमची भातलावणी होती. आईने मला धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवलं. महिनाभर केलेलं पाठांतर फुकट गेलं. म्हणून मी गोष्टीत आईला दुष्ट केलं.

श्यामची गोष्ट वाचल्यावर मी आईला विचारलं, "त्या दिवशी तुला काय हवं होतं गं?" रोपांचा चिखल धुता धुता ती म्हणाली, "तू शाळेत जावं, ह्येच की. पन शेजारच्या बाया खाचरात उभ्या, त्यांना परत कसं लावू? अन् बाळ झोळीत रडतंय. मी एकटी कुठंकुठं पुरू?"

हे मी लिहिलंच नव्हतं! माझ्या गोष्टीत पाऊस होता, खाचर होतं, मी होते. पण आईला काय हवं होतं, ते नव्हतं.

मी गोष्ट पुन्हा लिहिली. ती शेजारच्या कागदावर लावली आहे. पालकसभेला आई येईल, तेव्हा मी तिला ती वाचून दाखवणार आहे.

तुम्हीही आपापली गोष्ट लिहा. पण ज्याचा राग आला असेल, त्याला आधी विचारा, "तुला काय हवं होतं?"