टपावरची होडी

बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास काशीत बांधवलेला शिंदे घाट स्वतःच्याच भाराने खचला. टपावर कयाक चढवताना मला तो घाट हटकून आठवतो. टपाला किती किलो पेलतात हे गाडीच्या पुस्तिकेत असतं; त्यात कॅरिअरचंही वजन धरायचं.

पण खरा वैरी वारा. वेग ४० वरून ८० वर गेला की त्याचा जोर चौपट होतो आणि कयाकची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उचलली जाऊ लागते. म्हणून आडवे दांडे टपावर जमतील तितके लांब-लांब बसणारं कॅरिअर घ्यावं, आणि दोन्ही टोकांना बंपरखालच्या हुकापर्यंत वेगळा दोर हवाच. पट्टे मात्र उन्हात करकचून आवळू नका. तापलेलं प्लास्टिक दबतं, खळगा राहून जातो.